सवतीचं मीठ

नवऱ्याला झटका आला त्या दिवसापासून बाईंना दोन आजारी माणसांची उस्तवार करावी लागली, असं त्यांची लेक म्हणायची. एक वॉर्डात पडलेले बाबा. त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा पार गेली होती. आणि दुसरी, बैठकीच्या खोलीत निळ्या दिव्याखाली ऐसपैस बसलेली आईची सवत.

सवत म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. ती घरात आली त्याच दिवशी बाईंनी तिचं हे नाव ठेवलं होतं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. उभा जन्म त्याने लिफ्टच्या खड्ड्यांत काढलेला, हाताला ग्रीस, वर अंधार आणि डोक्यावर लोंबकळता पाळणा. निवृत्त झाल्यावर माणसं दुपारी झोपा काढतात. हा गृहस्थ घरात समुद्र घेऊन आला.

"मासे पाळणार का आता?" बाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं होतं.

"मासे नावाला दोन. बाकी ही प्रवाळं. मऊ जातीची."

"दगडच की हो हे!"

"दगड नाहीत. जिवंत आहेत."

"मग खातात काय?"

"उजेड."

"बरी आहेत बाई. तुमच्यापेक्षा स्वस्तात जेवतात."

तरी हळूहळू बाईंनी त्या सगळ्यांना नावं दिलीच. बाईंचं अर्धं आयुष्य एका कारखान्याच्या कॅन्टीनच्या चुलीपुढे गेलेलं, तिथे लहानथोर सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यामुळे नावंही घरगुतीच सुचली. रुंद मांसल टोपीचं होतं ते छत्री. दगडाला चिकटलेली हिरवी-केशरी गोल गोल ती बटणं. आणि मधोमध एक झुपका होता, फिकट गुलाबी देठांचा. प्रत्येक देठाच्या टोकाला चिमुकला पंजा. तो पंजा उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, दिवसभर, कुणी न सांगता. त्या टाळ्या. घरी कुणी आलं की मेकॅनिक त्याला धरून टाकीसमोर बसवायचे आणि सांगायचे, "बघा, आमच्या मोठ्या बाईंच्या स्वयंपाकाला टाळ्या पडतायत."

रोज सकाळी ते गॅलरीतल्या पिंपातून मगभर पाणी आणून टाकीत ओतत. मग करंगळी बुडवून जिभेला लावत आणि तिथूनच आवाज देत, "मीठ बरोबर आहे, मोठ्या बाई!"

"शी! माशांच्या मुतात बोट घालून चाटता, वय काय आपलं!"

"समुद्राची चव आहे. एकदा घेऊन तर बघ."

"माझी जीभ कामाची आहे. ती असल्या उद्योगाला नाही."

आणि खरंच, त्या जिभेचा दरारा होता. कॅन्टीनमध्ये हंड्याची नुसती वाफ नाकाशी आली तरी मीठ कमी की जास्त हे बाई सांगत. पण इतक्या वर्षांत टाकीतल्या पाण्याचा थेंब त्यांनी कधी ओठाला लावला नाही.

वॉर्डात पहिले काही दिवस मेकॅनिकांना कशाचीच शुद्ध नव्हती. मग एका दुपारी त्यांनी डावा हात उचलला, तोंडासमोर धरला आणि बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली. नर्सला वाटलं पाणी मागतायत. शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, "जा म्हणतायत आम्हाला, बाय बाय करतायत." बाईंना मात्र बघताक्षणी उमजलं.

"टाळ्या ना? छान आहेत हो. वाजवतायत दिवसभर. तुमची वाट बघतायत."

मेकॅनिकांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा सैल पडला. तेव्हापासून बाई आल्या की पहिला प्रश्न तोच, आणि उत्तरही तेच.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी त्यांच्या लुळ्या उजव्या हातात स्पंजचा चेंडू देऊन दाबायला सांगायची. सगळेच रोगी त्या चेंडूला कंटाळत. मेकॅनिक कंटाळेनात. ते डाव्या हाताने टाळ्या करून दाखवत आणि मग उजव्या हाताकडे टक लावून बघत बसत, जणू त्याने आता शिकावं. आणि एक दिवस उजव्या हाताची दोन बोटं खरोखर हलली. मुलगी ओरडलीच. "आजी, बाकीच्यांच्या मी पाया पडते, आणि हे थांबतच नाहीत! काय जादू केलीत तुम्ही?"

जादू कसली. घरात टाळ्या जिवंत होत्या, एवढंच.

"आई, बाबांचा तो शोभेच्या माशांचा दुकानवाला टाकी न्यायला तयार आहे," लेक म्हणाली. "ज्याच्याकडे नीट राहील त्याला देऊन टाकू. तुला हे सगळं झेपायचं नाही."

"आणि ह्यांनी विचारलं की काय सांगू?"

"त्यांना आता तरी काय कळतं, तू सांगशील तेच ना?"

"सवतीला मी हाकलली असं व्हायला नको," बाई म्हणाल्या. "मी बघते तिचं."

बघायचं काय, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जाई आणि काचेवरच्या खुणेपर्यंत ते पुन्हा भरायचं, इतकं त्यांना ठाऊक होतं. गॅलरीत पिंपं दोन होती. एक निळं, त्यात गाळलेलं साधं पाणी. एक पांढरं, त्यात मीठ कालवलेलं. मेकॅनिकांच्या हातातला मग बाईंनी हजारदा पाहिला होता. तो कुठल्या पिंपातून भरून येतो हे कधी पाहिलं नव्हतं. पण यात विचारायचं काय? समुद्राला समुद्राचंच पाणी. त्या पांढऱ्या पिंपातून मग भरू लागल्या. निळ्यातल्या पाण्याने कुंड्या शिंपल्या, कपड्यांना इस्त्री केली. पांढरं पिंप रिकामं झालं तेव्हा त्यांनी पदर खोचला, मिठाची पिशवी फोडली आणि कॅन्टीनमधून निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेल्या लांब पळीने नवं पाणी ढवळलं. आपल्या हातचं काहीतरी त्या टाकीत जातंय याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

आधी छत्री कलली. मग बटणं मिटली ती दुपारपर्यंत उघडेनात, आणि पुढे दिवसभर उघडेनात. टाळ्या मंदावल्या. म्हातारं माणूस देवळाच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर थांबतं, तसा एकेक पंजा उघडल्यावर थांबू लागला.

बाई खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या. असं का व्हावं? दिवा वेळेवर लागतोय. पाणी खुणेपर्यंत आहे. मग त्यांना वाटलं, मिठाचं पाणी आपण कालवलं, हात आखडता घेतला असणार. मीठ कमी पडलं की चांगला पदार्थ मरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पुढच्या खेपेला त्यांनी मूठभर मीठ वर घातलं. आणि त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक मूठ.

वॉर्डात हात विचारायचा. बाई सांगायच्या, "वाजवतायत." आणि मग तोंडाला आलंच म्हणून, "एक नवा कोंब पण फुटलाय." इकडे एकेक पंजा मिटत गेला तसा तिकडे नवऱ्याचा हात उघडत गेला. आता उजव्या हाताची चार बोटं हलत होती. अंगठा तेवढा राहिला होता.

"आई, खोटं बोलू नकोस," लेक एकदा जिन्यात म्हणाली. "घरी आल्यावर काय दाखवणार आहेस?"

"बोटं चालू होऊ देत गं आधी. मग मला काय वाटेल ते बोलू देत. शिव्या देऊ देत. बोलले तर पेढे— बोलले तर काय हवं ते करीन मी."

मग डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या.

बाई तशाच माशांच्या दुकानात गेल्या. काउंटरमागच्या टकल्या माणसाला मेकॅनिक चांगले माहीत होते. "टाळ्यांचा झुपका द्या एक," बाई म्हणाल्या, "जुना होता तेवढाच मोठा. रंग तोच हवा." त्यांनी मोबाइलमधला फोटो पुढे केला.

"जुन्याला काय झालं?"

"विरघळला."

"मग आधी पाणी तपासून घ्या की. बाटलीभर आणा, मिठाचं प्रमाण बघतो. त्याशिवाय नवं टाकू नका, आजी."

"मिठाचं मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं बांधून द्या."

त्याने खांदे उडवले आणि पिशवीत पाणी भरून झुपका बांधून दिला. बाईंनी तो वाटभर छातीशी धरून आणला, तान्हं मूल आणावं तसा. संध्याकाळी तो टाकीत मधोमध ठेवला. पंजे एकदा उघडले. बाई हात जोडून बघत राहिल्या. पंजे मिटले. सकाळी दगडावर शेंबडासारखा एक गोळा उरला होता आणि दोन मासे, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे, त्याच्याभोवती गिरक्या घेत होते. मासे चिवट निघाले. त्यांना काही झालं नव्हतं.

आवरायला वेळच उरला नाही. खाली मेकॅनिकांना घेऊन गाडी आली.

चाकाच्या खुर्चीतून मेकॅनिकांना लिफ्टमध्ये घेतलं तेव्हा त्यांनी मान वाकडी करून कान टवकारला आणि डाव्या हाताचं बोट वर केलं. वर कुठेतरी काहीतरी घासत होतं. "अगं बाई, हे आल्या आल्या दुरुस्तीला निघाले!" लेक म्हणाली आणि तिघंही हसली. मेकॅनिकांचं हसू एकाच गालावर उमटलं, पण ते हसूच होतं. किती दिवसांनी. बाईंना वाटलं, ही लिफ्ट अशीच वर जात राहावी, मजला येऊच नये.

दार उघडलं. मेकॅनिकांनी आधीच दोन्ही हात वर धरले होते. डावा उघडत होता, मिटत होता. उजवाही, मागोमाग, अडखळत. उजवा हात शिकला, हे बाईंना दाखवायचं होतं त्यांना. टाळ्यांनाही दाखवायचं असेल.

खुर्ची टाकीसमोर आली. निळ्या दिव्याखाली तपकिरी दगड होते, दगडांवर साय आली होती. छत्रीचा नुसता खुंट उरला होता.

हात थांबले.

बाई बोलत सुटल्या. रोज पाणी घातलं हो, एक दिवस चुकले नाही. दिवा लावला. खुणेपर्यंत भरलं. मीठसुद्धा नीट कालवून... मेकॅनिकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग डावा हात कष्टाने काचेच्या कडेवरून आत टाकला, करंगळी बुडवली, जिभेला लावली. त्यांचा अर्धा चेहरा आक्रसला. पुन्हा करंगळी बुडवली आणि ती बाईंच्या ओठांशी आणली.

बाईंनी तोंड उघडलं.

जीभ कामाची होती. तिला एक क्षण पुरला. हे मिठाचं पाणी नव्हतं, हा आटलेला हंडा होता. हंडा आटला की पाणी उडून जातं, मीठ जागच्या जागी राहतं, आणि मग वर साधं पाणी घालायचं असतं. कॅन्टीनमध्ये नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला बाईंनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. विसरली त्या मुलीला सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि इथे त्यांनी रोज सकाळी, मगाने, प्रेमाने, मिठावर मीठ ओतलं होतं.

"अहो," बाई खाली बसल्या, "अहो, मला बोला. काहीही बोला."

मेकॅनिकांनी मान टाकीकडे वळवली. ते माशांकडे बघत होते. लेकीने पुढे होऊन दिव्याचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी घरी आली. "चला आजोबा, टाळ्या!" ती उत्साहाने म्हणाली आणि चेंडू त्यांच्या हातात दिला. चेंडू घरंगळून पलंगाखाली गेला. तिने तो काढून पुन्हा दिला, तो पुन्हा गेला. मेकॅनिक भिंतीकडे बघत होते. "असं होतं कधी कधी," मुलगी बाईंना हळूच म्हणाली, "दोन दिवस जाऊ देत." दोन दिवस गेले, मग पुढचेही गेले. ती यायची, चेंडू काढून द्यायची, आणि मग तिचं येणंही कमी झालं.

टाकी दुकानवाला घेऊन गेला, मासे आधी पिशवीत, मग दगड. भिंतीवर चौकोनी डाग राहिला.

रोज दुपारी जेवणं उरकली की बाई पलंगाच्या कडेला बसतात. नवऱ्याचा उजवा हात मांडीवर घेतात आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडतात. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, चौथं, अंगठा. पाचही उघडून तळवा सरळ करतात आणि हलकेच सोडतात. बोटं मिटतात. बाई पुन्हा करंगळीपासून सुरुवात करतात.