सिस्टरबाईंच्या मांडीवरून

मी जोडप्यांना दाखवायचा कुटुंबनियोजनाच्या चित्रांचा तक्ता बोलतोय. बारा जाड पानं, वर तारेचं वेटोळं. चित्रं लोकांच्या बाजूला, मजकूर सिस्टरबाईंच्या. बाई मला मांडीवर उभा धरून वाचायच्या आणि मी समोरची तोंडं बघायचो.

बाईंच्या काखेतून किती जिने चढलो! गोळ्यांच्या पानावर बायका पुढे सरकायच्या. तांबीच्या पानावर एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. पुरुषांच्या ऑपरेशनचं पान आलं, की बाप्यांना नेमकं बाहेरचं काम आठवायचं. बाकी पानं मळली, ते मात्र कोरं करकरीत.

एक सुताराचं घर विसरत नाही. तिसऱ्या बाळंतपणात त्याची बायको मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्या तिला सोसत नव्हत्या, तांबीही नाही, ऑपरेशन झेपणार नव्हतं. बाईंनी ते कोरं पान उलटलं, तशी दारातून सासू कडाडली, "माझा मुलगा दिवसभर रंधा मारतो. त्याची ताकद गेली म्हणजे?"

"ताकद कुठे जात नाही हो आजी," बाई म्हणाल्या.

सुतार उठला नाही. पुढे वाकून त्यानं चित्रावर बोट ठेवलं. "हे केलं तर हिला काही करावं लागणार नाही?"

"काही नाही. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरा, मग तपासणी करून घ्या. पुढे निर्धास्त."

तो आईकडे वळला. "आई, हीच गेली तर ताकद घेऊन मी काय करू?"

इतका वेळ खाली मान घालून बसलेली बायको पहिल्यांदाच बोलली, "यांना फार दुखेल का हो?"

सुतार ऑपरेशन करून आला, थोड्या दिवसांत कामालाही लागला. मग गल्लीतल्या बैठकांना तो आपणहून बाईंशेजारी बसायचा. कुणी उठू लागलं, की म्हणायचा, "बसा हो, तक्ता चावत नाही!" माणसं हसायची आणि बसायची. ते पानही हळूहळू मळलं. त्या मळाचा मला केवढा अभिमान!

बाई निवृत्त झाल्या. नव्या सिस्टर मोबाइलवर फिल्म दाखवतात, छान समजावतात. मी दवाखान्याच्या कपाटावर पडून असतो.

परवा एक नवं जोडपं आलं होतं. फिल्म संपली. बाहेर रांग खोळंबली होती. नवरा चाचरत म्हणाला, "परत एकदा लावता? नीट कळलं नाही."

मला खुशाल रद्दीत घाला. फक्त कुणी "परत लावा" म्हणालं, तर रांगेकडे बघून घाई करू नका.