पाखरांच्या पिंजऱ्यात मुठ्या

मित्रांनो, मी एक जुना तारेचा पिंजरा आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. दाराशी आलेला हात दाणे घालणारा आहे की धरणारा, हे मी आधी बघतो. पाखरांसोबत राहून लागलेली ही सवय.

मी पाखरांसाठीच बनलो. उंच अंग, आत बसायला दांड्या, तळाला जाळी. आजी मला रोज पुसायची. ती गेली, तेव्हा पाखरं शेजारच्या काकूंकडे गेली. आबांनी मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं, आजीच्या लोकरी शालीवर. त्या शालीला ते कोणाला हात लावू देत नसत.

मग नातीसाठी हॅमस्टर आला. मुठीत मावायचा, म्हणून मुठ्या. आबांनी मला बाहेर काढलं.

"बाबा, याच्या तारांमधली फट केवढी आहे बघा तरी," सून म्हणाली.

"तुझ्या सासूचं एक पाखरू यातून कधी निसटलं नाही."

आजीचा विषय निघाला की त्या घरात सगळेच गप्प बसत. आबांनी आतल्या दांड्यासुद्धा काढल्या नाहीत. आजीने लावल्या होत्या ना!

मुठ्याचं लक्षण मला ठीक दिसेना. दिवसभर झोपायचा, अंधार पडला की उठायचा. माझ्या जाळीत त्याचे पाय अडकायचे. तारा कुरतडायचा, एकेका फटीत नाक घालून बघायचा. याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे मी ओळखलं. पण सांगणार कोणाला?

एका सकाळी कडी लावलेली आणि आत मुठ्या नाही.

सुनेला मांजराचा संशय आला. नात मात्र आबांकडे रोखून बघत होती.

"तुम्हीच सोडलंत त्याला. आजीच्या पिंजऱ्याचं वाटोळं करतोय, असं म्हणाला होतात ना काल?"

"रागावलो होतो गं. पण कडीला हात नाही लावला."

"मग काय, आतून कडी लावून गेला तो?"

आबा माझ्यासमोर येऊन बसले. मला वाटलं, आता हे माझ्यावर राग काढणार. पण त्यांनी माझ्या तारांमध्ये अंगठा घातला. तो अडकला नाही, सरळ आत गेला. तारेला तपकिरी केस चिकटले होते.

"सूनबाई, तू म्हणत होतीस तेच खरं," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात कपाटाच्या किलकिल्या दारातून खुडबुड ऐकू आली. शालीला भलंमोठं भोक पडलं होतं आणि त्यात गाल फुगवून मुठ्या बसला होता. आबांनी वाकून भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ऊब बरोबर शोधली पठ्ठ्याने," ते म्हणाले. "काढ त्याला अलगद. पायात धागे अडकतील."

त्याच दिवशी त्याचं नवं घर तयार झालं. सपाट तळाचा, ऐसपैस प्लास्टिकचा डबा, झाकणात बारीक जाळी, बिळं करायला लाकडाच्या भुशाचा जाड थर, धावायला फटी नसलेलं चाक. नातीने ती भोकाची शाल आबांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती काढली नाही.

आणि मी? मी काकूंकडे, माझ्या पाखरांपाशी परत आलो.

मित्रांनो, एखाद्या जिवाला घर देताना तुमच्या आठवणी बाजूला ठेवा आणि त्याचं अंग, त्याचे पाय बघा. आणि तो दिसेनासा झाला, तर घरच्या माणसावर बोट रोखण्याआधी ते बोट पिंजऱ्याच्या फटीत घालून बघा.