हुंगून घेतलेला बेल्ट

बाबांची गाडी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि लाडही त्या गाडीचेच जास्त झाले, असं ती सगळ्यांना सांगायची. बाबा गेले आणि तीच गाडी तिच्या गळ्यात पडली. आज इंजिनाचा फॅन बेल्ट तुटला, म्हणून ती चालत बाबांच्या ठरलेल्या दुकानात आली.

म्हाताऱ्या दुकानदाराने मान वर न करता एक बेल्ट काउंटरवर टाकला. तिने तो उचलला, बोटांत दुमडला आणि नकळत नाकाशी नेला. तिच्या लहानपणी बाबा असंच हुंगून रबर पारखायचे, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अख्खं दुकान बघत असायचं!

"हा नको," ती म्हणाली.

"का? काय वाईट आहे त्यात?"

तिने तो पुन्हा हुंगून पाहिला. रबरातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

दुकानदाराने आता चष्मा सारखा करून तिच्याकडे पाहिलं. "बेल्ट हुंगणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलंय. त्यांची मुलगी का तू?"

"हो. बाबा गेले, वर्ष झालं."

तो आत गेला आणि दुसरा बेल्ट घेऊन आला. "हा घे. मघाचा दिला असता, तर स्वप्नात येऊन त्यांनी माझी खरडपट्टी काढली असती."

तिने तोही हुंगला. रविवारी गाडीखालून बाहेर येऊन बाबा तिचा गालगुच्चा घ्यायचे, तेव्हा त्यांच्या बोटांना हाच वास असायचा.

"हाच," ती म्हणाली, आणि तो पिशवीत घालू दिला नाही.