ताईनं सैल केलेला मोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा. मोटारसायकलच्या शर्यतीत घालतात तसला, जाड चामड्याचा, बोटांवर टणक कवच असलेला. माझा डावा भाऊ शेजारच्याच खिळ्याला लटकला आहे. त्याला धाड भरलेली नाही, एक ओरखडा काय तो. सोसायचं उजव्यानं आणि डाव्यानं नुसतं सोबत मिरवायचं, हा कुठला न्याय, मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एकानं चामडं कापलं, एका बाईनं शिवलं आणि तिसऱ्यानं माझ्या तळव्यावर एक गुळगुळीत कडक चकती बसवली. स्वार पडला तर हात जमिनीत अडकू नये, घसरत जावा, म्हणून ती चकती. पुढे आमच्या स्वारानं मला घातलं आणि मी चार वर्षं त्याच्याबरोबर धावलो. उजवी मूठ पिळली की गाडी पळते आणि पुढचा ब्रेकही उजव्याच बोटांनी ओढायचा असतो. म्हणजे पळवायचं माझ्याकडे आणि थांबवायचंही माझ्याकडेच. जिंकला की कौतुक त्याचं, गाडीचं, मिस्त्रीचं. मोज्याला कोण विचारतो? पण शर्यत संपली की तो मला सावलीत वाळवायचा आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा. तेवढ्यावर मी खूश होतो. भोळाच होतो मी.

मग एका शर्यतीत, वळणावर, पुढचं चाक सटकलं. पडताना हात टेकू नकोस, अंगाशी आखडून घे, हे त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. पण ऐन वेळी शिकवण राहते बाजूला! हात पुढे आलाच. मी डांबरावर घासत गेलो, चकती झिजली, चामडं फाटायला आलं, पण त्याच्या कातडीला मी खरचटूही दिलं नाही. आत मात्र काहीतरी कट्‌कन वाजलं. ते मी ऐकलं.

दवाखान्यात त्याची मोठी बहीण धावत आली. आईवडिलांमागे हे दोघंच एकमेकांना. ताईचं शिवणाचं दुकान आहे. पुढे मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे राहायची खोली. बॅगा, जाकिटं, शर्यतवाल्यांचे चामडी कपडे, सगळं ती दुरुस्त करते. तिनं मला उचललं आणि म्हणाली, "एवढा जाडजूड मोजा असून हात मोडलाच ना!" घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी.

डॉक्टर जरा खडूस होते, पण बोलले ते खरं. "मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी, काजूएवढं हाड असतं. तेच मोडलंय. त्याला रक्त जेमतेम पोहोचतं, त्यामुळे ते जुळतं सावकाश. तीन महिने धर. घाई केलीस तर अर्धं हाड मरेल आणि मग माझ्याकडे नुसतं रडायला येशील."

तीन महिने! ज्याला लाल दिव्यापाशी दोन मिनिटं दम निघत नाही, तो तीन महिने घरात. ताई त्याच्या शर्टाची बटणं लावायची, घास मोडून द्यायची आणि वर त्याचीच बोलणी खायची. "मी काय कुकुलं बाळ आहे का?" म्हणून तो ताट सारायचा. ताई ते मुकाट्यानं परत पुढे ठेवायची. ती मशीनवर बसली की हा डाव्या हातानं दाराची मूठ धरून गाडीसारखी पिळायचा, आणि तोंडानं आवाजसुद्धा काढायचा. एकदा तिनं ते ऐकलं आणि हसू लपवायला पदर तोंडाला लावला. त्या घरातलं ते शेवटचं हसू मला आठवतं.

सातव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झाला होता. "फट अजून दिसते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आत धातूची पट्टी असलेला, काढता-घालता येणारा पट्टा बांधला आणि गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं. नेमकी दोन आठवड्यांवर हंगामाची शेवटची शर्यत होती. त्याच संध्याकाळी संघाच्या मालकाचा फोन आला. हा आला नाही, तर पुढच्या हंगामात याची गाडी दुसऱ्याला.

फोन ठेवला आणि यानं मला खुंटीवरून काढलं. पट्ट्यावरून ओढून पाहिलं. मी काही चढेना. चढलो नाही हे माझे त्याच्यावर उपकारच होते. पण हा मला घेऊन पडद्याबाहेर आला.

"ताई, याची मनगटाजवळची शिवण सोड. वरून पट्टा दिसता कामा नये."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला गाडी चालवायची नाहीये. मला चालवायचीय."

"मी नाही करणार."

"नको करूस. मी कात्रीनं कापतो."

असं म्हणून त्यानं खरंच डाव्या हातानं कात्री उचलली. ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं कात्री काढून घेतली. "तू कापलंस तर भर शर्यतीत फाटेल. दे इकडे. निदान नीट तरी होऊ दे."

तेवढ्यावर ती फसली, मित्रांनो. नीट करायचं म्हणून करून बसली.

तिनं माझी शिवण उसवली, मऊ चामड्याची एक पाचर आत जोडली आणि बंद लांब केला. तिच्या हाताला तोड नाही. कारखान्यातली शिवण फिकी पडावी असं काम. शिवताना डोळे पुसत होती आणि "माझं मेलीचं कोणी ऐकतं का" असं पुटपुटत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, की बाई, थांब, ते हाड मोडताना मी ऐकलंय.

दुखण्यातून उठलेल्या स्वाराला शर्यतीआधी मैदानावरच्या डॉक्टरसमोर दहा जोर काढून दाखवावे लागतात. तळवा टेकला की मनगट मागे वाकतं आणि खोटं उघडं पडतं. म्हणून आमच्या शहाण्यानं मोजे घालून, मुठी टेकवून जोर काढले. मुठीवर मनगट सरळ राहतं. डॉक्टर खूश! "अरे वा, मुठींवर!" म्हणाले आणि सही केली. ताई जाळीपलीकडे उभी होती. तिला ती लबाडी कळली. तिनं मान दुसरीकडे वळवली.

तिसऱ्या फेरीत, सरळ रस्ता संपतो तिथे त्यानं ब्रेक ओढला. अशा वेळी स्वाराच्या अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. त्या काजूएवढ्या हाडानं तो पेलला नाही. बोटं माझ्या आतच उघडली, गाडी सरळ वळणाबाहेरच्या खडीत शिरली आणि हळूच आडवी झाली. याला ओरखडाही नाही. लोक म्हणाले, नशीबवान आहे बुवा! तो खडीत बसून हात पोटाशी धरून ओरडत होता, ते लोकांपर्यंत पोहोचलं नसावं.

अर्धं हाड मेलं. डॉक्टरांनी पट्टी ठोकून मनगट कायमचं सरळ केलं. "जेवशील, लिहिशील," ते म्हणाले. "मूठ मात्र पिळता येणार नाही."

घरी आल्यावर तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. तिसऱ्या दिवशी ताईनं ताट पुढे ठेवलं, तेव्हा तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तू नाही म्हणायला हवं होतंस."

बस, एवढंच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अरे, कात्री कोणी उचलली होती? हट्ट कोणाचा?  ताईनं ताट झाकलं, मला खिळ्याला अडकवलं आणि मशीनवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती दोघं एका घरात राहतात आणि कामापुरतं बोलतात.

परवा एक दुसरा स्वार दुकानात आला. हात पट्ट्यात, काखेत मोजा. खिळ्यावर मला पाहून खुलला. "ताई, हाच ना तो? काय फिटिंग केलं होतं हो तुम्ही! डॉक्टरला पत्तासुद्धा लागला नाही. मलाही अगदी तस्संच करून द्या."

"नाही," ताई म्हणाली.

"अहो, एवढीशी तर शिवण..."

"नाही म्हटलं ना! नीघ आधी इथून."

तो चकित होऊन निघून गेला. ताई पुन्हा मशीनवर बसली. मग पडद्याआडून आमच्या स्वाराचा आवाज आला, "आज बरं जमलं तुला, नाही म्हणायला."

ताई डोकं मशीनवर टेकून रडली. तो बाहेर आला नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तूंना जपा, मोज्यांना तेल लावा, वाळवून ठेवा, ते तर कराच. पण जिवाभावाचं माणूस स्वतःचंच वाटोळं करायला तुमची मदत मागेल, तेव्हा त्याला रुसू द्या, बोलू द्या, दारं आपटू द्या, आणि नाही म्हणा. मी म्हणू शकलो नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.