सुमनताईंचा खासदार

गिरीश मुजुमदार वकिलाचा खासदार झाला तो सुमन ताकसांडेच्या केसमुळे, असं इंग्लंडमधल्या लीड्सची मराठी मंडळी अजूनही सांगतात. सुमन नागपूरची नर्स. ती कामाला होती ते नर्सिंग होम अचानक बंद पडलं आणि तिच्या व्हिसावर गदा आली. तिला परत पाठवायची तयारी झाली होती. गिरीशने ट्रायब्यूनलपुढे जीव तोडून तिची बाजू मांडली. केस जिंकली, पेपरात नाव आलं आणि पक्षाने तिकीट दिलं. प्रचारात सुमन त्याच्याबरोबर दारोदार फिरली. "यांनी मला वाऱ्यावर सोडलं नाही, तुम्हालाही सोडणार नाहीत," असं सांगायची.

दोनेक वर्षांनी व्हिसाचे नियम आवळणारं विधेयक संसदेत आलं. म्हाताऱ्या आईवडिलांना इथे आणायची उरलीसुरली वाटही त्याने बंद होणार होती. सुमनचा फोन आला. "सर, आई एकटी आहे हो तिकडे."

"बघतो मी," गिरीश म्हणाला.

पण पक्षाच्या प्रतोदाने त्याला बाजूला घेतलं. नव्या मंत्र्यांमध्ये त्याचं नाव होतं; फक्त आत्ता गडबड नको. गिरीशने विधेयकाच्या बाजूने मत दिलं आणि ज्युनियर मिनिस्टर झाला. सुमनला फोन करायचं मात्र आज-उद्यावर ढकलत राहिला.

त्या हिवाळ्यात सुमनची आई बाथरूममध्ये पडली. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. कळल्यावर गिरीश तिच्या घरी गेला. गाडीत त्याने बरंच जुळवून ठेवलं होतं: पक्षाची शिस्त, आपल्या एका मताने काय फरक पडणार होता, वगैरे. सुमनने समोर चहा ठेवला आणि त्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून फुटेना.

"सर, एक विचारू? मत देताना माझी आठवण आली होती?"

नाही म्हणणं सोपं होतं. "आली होती," तो म्हणाला.

सुमन म्हणाली, "विसरला असतात तर बरं झालं असतं. माणूस कामात असतो, असं मनाला समजावता आलं असतं."

तो उठला तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

उन्हाळ्याच्या आत गिरीशने मंत्रिपद सोडलं, पुढची निवडणूकही लढवली नाही. आता तो जुन्या ऑफिसात बसतो आणि आईवडिलांना आणू पाहणाऱ्यांच्या केसेस लढतो. बहुतेकदा हरतो, कारण त्याने स्वतःच मत दिलेला कायदा आडवा येतो.

मागच्या आठवड्यात कस्तुरी नावाची एक तरुण डॉक्टर आली. "सुमनताईंनी पाठवलं."

गिरीशने पेन खाली ठेवलं. "काय म्हणाल्या?"

"तुम्ही केस चांगली लढता म्हणाल्या."

"आणखी काही?"

"नाही, एवढंच."

गिरीशने मान हलवली. "बसा," तो म्हणाला, "तुमच्या आईंचं वय काय?"