घागरभर अर्थिंग

चोपड्याच्या खाजाशेठच्या केळी पिकवायच्या थंड खोल्यांमध्ये आकडा वेडा झाला होता आणि साक्षीला तो काही केल्या ताळ्यावर आणता येत नव्हता. खोलीतलं साधं थर्मामीटर सतरा अंश दाखवत होतं. पॅनेलचा पडदा मात्र सतरा, तेवीस, चौदा, एकोणीस अशा मनाला येईल तशा उड्या मारत होता. त्या आकड्यावर भरवसा ठेवून थंडाव्याचं मशीन चालू-बंद व्हायचं आणि आत केळी काळी पडायची. धुळ्याच्या कंपनीने दीड महिन्यापूर्वी ही यंत्रणा बसवायला साक्षीलाच पाठवलं होतं. आता दुरुस्तीची तिची ही तिसरी खेप. आज जमलं नाही तर उद्यापासून बाहेरची कामं बंद, ऑफिसात फायली लावायच्या, असं राजदीप सरांनी निघतानाच शांतपणे सांगितलं होतं.

बरं, करायचं तिने ठेवलं तरी काय होतं? सेन्सर बदलला. सेन्सरकडून येणाऱ्या बारीकशा करंटचा आकडा करणारं अ‍ॅनालॉग इनपुटचं कार्ड नवं कोरं घातलं. आज तर सेन्सर काढूनच टाकला आणि त्याच्या जागी हातातल्या कॅलिब्रेटरने ठरावीक करंट दिला. पडद्यावर पंचवीस दिसायला हवे होते, हलता कामा नये होते. तरी उड्या. पंखे बंद केले की आकडा गप्प, सुरू केले की पुन्हा तोच धिंगाणा. पण पंखे तर पहिल्या दिवसापासून होते आणि पहिले तीन आठवडे आकडा जागचा हलला नव्हता. मग मधेच झालं काय? पंख्यांसारख्या मोटारींची भरकटलेली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची हिरवी वायर दोन्ही टोकांना घट्ट होती, म्हणून यादीत त्या ओळीपुढे तिने बरोबरची खूण कधीच करून टाकली होती. आपण डिप्लोमा नक्की कशात केला, असा प्रश्न आता तिला पडू लागला होता.

साडेअकराच्या सुमारास द्रौपदाबाई आल्या. बारा वर्षं याच खोल्यांत दर दोन तासांनी जाऊन, थर्मामीटर बघून शेठला आकडा सांगायचं काम त्यांचं. यंत्रणा नीट चालतेय असं बघून शेठने पहिल्या पंधरवड्यातच त्यांना घरी बसवलं. पॅनेलच्या खोलीमागे राहिलेली आपली घागर न्यायला त्या आल्या होत्या. साक्षीने मान वर न करताच, या अक्का, म्हटलं. खरं म्हणजे तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बसवणीच्या रिपोर्टात शेवटची ओळ तिनेच मोठ्या ऐटीत लिहिली होती, की यापुढे खोलीत माणसाची गरज नाही. तोच कागद पुढे करून शेठने बाईंना निरोप दिला होता.

थोड्या वेळाने तिने एक स्क्रू अर्धा आटा आवळला आणि आकडा थांबला. पंचवीस. पंखे जोरात फिरत होते, तरी पंचवीस. साक्षीने आनंदाने सरांना फोन लावला आणि स्क्रू सैल होता म्हणून सांगितलं. सरांनी आपलं नेहमीचं ऐकवलं.

"बिघडवून बघ. परत बिघडवता आलं तरच ते तू दुरुस्त केलंस."

तिने स्क्रू सैल केला. पंचवीस. आणखी सैल केला. पंचवीसच. हात न लावता जे बरं झालं, ते ती बसस्टँडवर पोचायच्या आत हात न लावताच पुन्हा बिघडणार होतं.

काहीच सुचेना म्हणून ती मागच्या दाराने बाहेर आली. द्रौपदाबाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या आणि हिरवी वायर जिथे जमिनीत उतरत होती त्या अर्थिंगच्या खड्ड्यातली माती घटाघटा पाणी पीत होती. साक्षीने विचारलं, हे काय केलंत? बाईंना वाटलं, पोरगी रागावली.

"हिलालनानानी सांगेल व्हतं, याले रोज एक घागर पानी पाज. बारा वरीस पाजं मी. आज दखं तं बठ्ठा सुकाई जायेल शे."

हिलालनाना म्हणजे तिथले जुने वायरमन, वारून सहा वर्षं झालेले. साक्षी तशीच आत पळाली. खड्ड्याकडे जाणारी हिरवी वायर सोडवली, आकडा उधळला. जोडली, थांबला. तिने तीनदा तसंच केलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. वायर घट्ट होती, पण कोरड्या मातीत वीज उतरत नाही आणि खड्डा कोरडा होता, आणि तो कोरडा पाडणारी ओळ तिच्याच अक्षरात होती.

खाजाशेठ ऐकून खूश झाले. त्यात काय, नळ सोडू, टायमर बसवू, त्यालाही तुझंच मशीन लाव, म्हणाले. हो म्हणणं सोपं होतं. सरही खूश झाले असते. साक्षीने रिपोर्ट लिहायला घेतला.

"शेठ, माझ्या एका ओळीवर तुम्ही माणूस घरी पाठवलंत. ती ओळ चुकली होती. आता ही बघा."

शेठने कागद दोनदा वाचला. खिशातला पेन काढायला त्यांनी बराच वेळ लावला, पण सही केली.

दाराशी उभ्या द्रौपदाबाईंनी कागदाकडे बोट केलं.

"मांगला कागद माले कोनी वाची दखाडा नही. हाऊ वाच."

साक्षीने वाचलं, "अर्थिंगला रोज एक घागर पाणी. खोलीत माणूस लागतं. द्रौपदाबाई."

बाईंनी आपलं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग घरी न्यायला काखेत घेतलेली घागर त्यांनी मागच्या भिंतीशी, तिच्या जुन्या जागी पालथी घातली.