दीपगृहासमोरचा धक्का

बंदराच्या नियोजन कार्यालयात ती नकाशे काढायची. नव्या किनारा-आराखड्यात मोठ्या जहाजांसाठी गाळ उपसून वाट करायची होती, आणि ती वाट दाखवणारी निळी रेघ तिनेच ओढली होती. जेवताना तिने हे घरी सांगितलं, तर वडिलांचा घास हातातच राहिला.

"दीपगृहासमोरून नेताय? अगं, तिथे खाली जुना दगडी धक्का आहे. मी हाताने चाचपलाय."

वडील चाळीस वर्षं पाणबुडे होते. जहाजांचे तळ खरवडून साफ करायचे. त्यांची ही धक्क्याची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती, फक्त खरी कुणाला वाटत नव्हती. पण उपसायचं यंत्र एकदा फिरलं की खरं-खोटं करायलाही काही उरणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून ती मुख्य अभियंता बाईंसमोर उभी राहिली.

"कागद आहे काही?" बाईंनी विचारलं.

"कागद नाही. वडील आहेत."

बाईंना हसू आलं. पण मोजणीची होडी गुरुवारी तिकडे जाणारच होती. "आणा त्यांना," त्या म्हणाल्या.

वडील इस्त्रीचा सदरा घालून आले. होडीवरच्या यंत्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दीपगृह आणि पाण्याची टाकी एका रेषेत येईपर्यंत डोळे बारीक करून बसले. मग म्हणाले, "इंजिन बंद करा. इथेच."

कॅमेरा खाली सोडला. बराच वेळ पडद्यावर नुसतं गढूळ. मग एक कड उमटली, सरळ, माणसाने घडवलेली. तिच्यापुढे दुसरी. होड्या बांधायला दगडात कोरलेलं भोक दिसलं, तसे वडील एवढंच बोलले, "यात माझा हात कोपरापर्यंत जायचा."

पुढचे चार महिने बंदरवाले, मच्छीमार आणि पुरातत्त्ववाले एकाच टेबलाशी बसले. भांडले, चहा प्यायले, पुन्हा भांडले. शेवटी जहाजांची वाट तीनशे मीटर दक्षिणेला सरकली, मच्छीमारांची जाळ्यांची जागा राहिली आणि धक्क्याभोवती नांगर टाकायला बंदी झाली. निळी रेघ तिने स्वतःच पुसली आणि नव्याने ओढली.

आराखड्याच्या जाहीर सुनावणीत कुणीतरी विचारलं, "हा धक्का शोधला कुणी?"

उत्तर द्यायचं काम अभियंता बाईंचं. त्यांनी माइक तिच्याकडे सरकवला.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "ते पाणबुडे आहेत."

सगळ्या माना वळल्या. वडील जागचे उठले नाहीत. त्यांनी फक्त पाठ ताठ केली.